सोमवारी घेतलेलं मशीन

सोमवारी मी बोलत नाही. मंगळवारी फक्त खरं बोलते. म्हणजे इतर दिवशी खोटं बोलते असं नव्हे, पण मंगळवारी सोयीचं तेवढं सांगून बाकीचं पोटात ठेवायचीही मुभा नाही. बुधवारी कुणाला नाही म्हणायचं नाही. गुरुवारी कुरकुर नाही, शुक्रवारी राग नाही, शनिवारी घरातल्या सगळ्यांचं जेवण झाल्याशिवाय तोंडात घास नाही, आणि रविवारी कुणालाही सल्ला द्यायचा नाही. बावीस वर्षं रोज पहाटे दिवा लावून मी त्या दिवसाचा नेम मनाशी म्हणते आणि दिवेलागणीला वहीत त्याच्यापुढे ‘पाळला’ असं लिहिते. सातांत अवघड कुठला, असं कुणी विचारलं तर मी रविवारचा सांगेन. सोमवारचा सगळ्यात सोपा, असं मी अगदी परवापर्यंत समजत होते.

माझे नेम मी कुणावर लादत नाही. पण घरातल्या माणसांना ते पाठ आहेत आणि ती त्यांचा पद्धतशीर उपयोग करून घेतात. ह्यांना कचेरीतले चार मित्र जेवायला बोलवायचे असले, की हे मला बुधवारी विचारतात. माझ्या नणंदबाई, म्हणजे आमच्या वन्सं, ठेवणीतले टोमणे शुक्रवारसाठी राखून ठेवतात.

त्या बुधवारी वन्संचा मांडीचा पट्टा फाटला.

वन्सं ह्यांची धाकटी बहीण, वय त्रेपन्न, राहतात आमच्याजवळच. लहानपणीच्या आजारात उजव्या पायातली ताकद गेली, तेव्हापासून त्या कॅलिपर लावून चालतात. पायाच्या दोन बाजूंना दोन पोलादी सळ्या, गुडघ्याशी एक कळ, आणि वर मांडीला वेढून बसणारा वीतभर रुंदीचा कातडी पट्टा. सगळा भार त्या पट्ट्यावर. तो चार पदरी असतो, आणि चारही पदर दोन जागी फाटून हातात आले होते.

एकोणीस दिवसांनी वन्संचं लग्न होतं.

लग्न कुलूपवाल्यांशी. हे गृहस्थ अकरा वर्षं दर दोन महिन्यांनी वन्संच्या गुडघ्याची कळ बघायला येत होते. पोलादी कळ इतक्यांदा बिघडत नसते, हे आमच्या लक्षात यायला अकरा वर्षं लागली. वन्संच्या लक्षात पहिल्याच वर्षी आलं असावं, कारण कळ बिघडवत त्याच होत्या. आमच्या गावच्या नोंदणी कचेरीत लग्नं फक्त सोमवारी लागतात, तशी सोमवारची तारीख मिळाली होती. वन्संची अट एकच. “दारापासून साहेबाच्या टेबलापर्यंत मी चालत जाणार, आणि सही उभी राहून करणार. बेचाळीस पावलं आहेत. मोजून आलेय मी.”

आता पट्टा फाटला. कोपऱ्यावरच्या जोडेवाल्याने टाके घालून दिले, ते दोन तासांत उसवले, आणि तेवढ्यात मांडी सोलून निघाली ती वेगळीच. इस्पितळात प्लॅस्टिकचा मिळतो, पण माप दिल्यापासून चार महिने. आणि तीस वर्षं वन्संचे पट्टे बनवणारे पट्टेवाले काका दृष्टी अधू झाल्यामुळे दुकान बंद करून, मशीन विकून मोकळे झालेले. फोनवर म्हणाले, “कातडं माझ्याकडे आहे. कापूनही देतो, बोटांना अजून दिसतं. पण शिवायला डोळा लागतो हो.”

मी फोन ठेवला. वन्संनी आधी माझ्याकडे बघितलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

“वहिनी,” त्या म्हणाल्या, “तू शिवशील?”

बुधवार होता.

मी आजवर उशांचे अभ्रे शिवले होते, पडदे शिवले होते, ह्यांच्या पायजम्याला नाडीचा नेफा घातला होता. गुरुवारी सकाळी मी देवाचं नाव घेऊन माझ्या घरच्या मशीनवर काकांकडून आणलेल्या कातड्याचा एक तुकडा ठेवला आणि चाक फिरवलं. पहिली सुई वाकली. दुसरी मोडली. तिसरीचं टोक उडून शेजारी पेपर वाचत बसलेल्या ह्यांच्या चहात पडलं. ह्यांनी कप लांब ठेवला आणि मला विचारलं, “हे असं किती वेळ चालणार आहे?” गुरुवार असल्यामुळे मी कुरकुर केली नाही. चौथ्या सुईला मशीनने आतून कण्हल्यासारखा आवाज काढला, आणि त्यानंतर आजतागायत ते अभ्रेसुद्धा शिवत नाही.

शुक्रवारी मी काकांकडे गेले. त्यांनी मला समोर बसवून एका कागदावर तीन गोष्टी लिहून घ्यायला लावल्या. एक, जाड दोरा घेणारं मशीन हवं. दोन, चाल मंद हवी, कारण कातडं घाई सोसत नाही. तीन, चालता पाय हवा. चालता पाय म्हणजे सुईशेजारी कापड दाबून धरणारा जो लोखंडी पाय असतो, तो नुसता दाबून न बसता कातड्याबरोबर एकेक पाऊल पुढे टाकणारा. एरवी वरचा पदर मागे राहतो आणि खालचा पुढे जातो.

“आणि हे बघा,” काका म्हणाले, “पसंत करायच्या आधी दुकानातून मला फोन लावा. दुकानदाराला दोन प्रश्न मी विचारतो. फोन न करता घेऊ नका.”

घरी येऊन मी कागद वाचून दाखवला. वन्सं म्हणाल्या, “म्हणजे मशीनचा पाय चालणार. घरात एकाचा तरी चालू दे.” शुक्रवार होता. मी रागावले नाही.

मशिनांचं दुकान शनिवार-रविवार बंद. मंगळवारपासून दुकानदार आठवडाभर परगावी. राहिला सोमवार. मी मनातल्या मनात पुष्कळ वाद घातला. नेम एक दिवस पुढे ढकलता येतो का? पण सोमवारचं मौन मंगळवारी नेलं तर मंगळवारचं खरं कुठे न्यायचं? एक नेम हलवला की सगळा आठवडा गाडीच्या डब्यांसारखा हलतो. शेवटी हे म्हणाले, “अगं, मी आहे ना. मी रजा काढतो. बोलायचं काम माझं, बघायचं काम तुझं.”

हे टपाल खात्यात आहेत. बोलायचं काम त्यांना मनापासून आवडतं.

दुकानात शिरल्या शिरल्या मी काकांचा नंबर लिहिलेला कागद ह्यांच्यापुढे धरला. ह्यांनी तो वाचला, “हो हो, करू नंतर,” म्हणाले, आणि खिशात घातला. मग दुकानदाराकडे वळून म्हणाले, “सगळ्यात जड काय शिवतं ते दाखवा.”

मी ह्यांची बाही ओढली. जड नको, मंद हवं, असं मला म्हणायचं होतं, पण चिठ्ठी लिहून बोलणंही माझ्या मौनात बसत नाही. दुकानदाराने ते बघितलं. त्याने एका अंगाला नुसता दांडा बाहेर आलेलं एक लहानसं मशीन पुढे ओढलं, चार पदरी कातडं घातलं आणि एका बाजूची मूठ फिरवून सावकाश शिवून दाखवलं. मी टाके निरखून बघत राहिले. छान होते. तेच घ्यावं असं माझ्या मनात आलं, आणि फोनची आठवण करून द्यावी म्हणून मी ह्यांच्या खिशाकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काळजी होती. काळजी माझ्या चेहऱ्यावर नेहमीच असते, ती तशीच घडण आहे.

“बाईंना पसंत नाही,” दुकानदार म्हणाला.

“ती फार चोखंदळ आहे,” हे म्हणाले.

मी मान हलवली. नाही, तसं नाही, या अर्थाने. दुकानदाराने त्याहून मोठं मशीन काढलं. त्यावर जोड्याचा तळ शिवून दाखवला. मी गप्प. गप्प बसणाऱ्या गिऱ्हाइकाचा दुकानदारांवर काय परिणाम होतो याची मला कल्पना नव्हती. त्याच्या कपाळावर घाम आला. त्याने आणखी मोठं मशीन चालू केलं आणि घोड्याच्या खोगिराचा तुकडा शिवला, मग दोन तुकडे एकत्र. “एवढ्या वर्षांत असं गिऱ्हाईक नाही बघितलं,” तो ह्यांच्या कानात म्हणाला. “बाई कुठे शिकल्या?” आणि माझ्या नवऱ्याने, ज्याने सकाळीच चहातून सुईचं टोक काढलं होतं असं नव्हे पण गुरुवारी काढलं होतं, त्याने सांगितलं, “घराण्यातच आहे.”

शेवटी दुकानाच्या मागच्या अंगाला ताडपत्रीखाली झाकलेलं एक काळं धूड होतं, त्याच्यावरची ताडपत्री निघाली. खटका दाबल्यावर फरशी थरथरली. दुकानदाराने कातड्याऐवजी सरळ लाकडाची पातळ फळी घातली. सुई फळीतून आरपार गेली आणि परत आली. आता हा माणूस आपला हात घालून दाखवील या भीतीने मी दोन्ही हात जोडले. पुरे करा बाबा, या अर्थाने.

दुकानदाराने पावती फाडली.

धूड त्याच दुपारी आलं. सहा माणसं, दोन बांबू, आणि आमचा दुसरा मजला. मला जिन्यात ‘सावकाश’ एवढा एकच शब्द म्हणायचा होता आणि तो म्हणता येत नव्हता. पहिल्या वळणावर कठडा गेला. दुसऱ्या वळणावर भिंतीचा पोपडा गेला. मग खालच्या मजल्याचं दार उघडून वजनमापवाले बाहेर आले.

हे आमचे खालचे शेजारी. वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले, पण निरीक्षणातून झाले नाहीत. आमच्या इमारतीच्या समितीचे चिटणीसही तेच. त्यांनी सहा माणसांना जिन्यात तशीच थांबवून धुडाला एक फेरी मारली, बोटाने टिचकी मारली आणि मला विचारलं, “वजन?”

मी त्यांच्याकडे बघितलं.

“विचारतोय मी वहिनी. वजन किती? माझा पलंग बरोबर तुमच्या बाहेरच्या खोलीखाली आहे.”

हे बांबूचं एक टोक धरून घामाघूम झाले होते, ते तिथूनच ओरडले, “अहो, आज सोमवार आहे. उद्या विचारा, खरं सांगेल.”

वजनमापवाले वर आले. खडूने फरशीवर रेघा मारल्या, भिंती ठोकून बघितल्या, आणि निर्णय दिला की घरात एकाच जागी हे पेलेल, जिथे खालून जाड भिंत येते तिथे. ती जागा म्हणजे माझा दिव्याचा कोपरा. बावीस वर्षं जिथे बसून मी नेम म्हटले तिथे सहा माणसांनी धूड टेकवलं आणि माझा दिवा स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर गेला. वन्सं खुर्चीत बसून सगळं बघत होत्या. “वहिनी,” त्या म्हणाल्या, “माझं लग्न पस्तीस वर्षं अडून बसलंय. त्याला सवय आहे. पण याच्यामागे मी दिसणार का?”

तोपर्यंत धुडाची तार हातात धरून हे भिंतीवरचं बटण शोधत होते. तारेच्या टोकाला जे होतं ते आमच्या कुठल्याच बटणात जाणार नव्हतं. कारखान्याची वीज लागत होती.

तेरा दिवस उरले होते, आणि मंगळवार उजाडला.

वीज कचेरीतल्या कारकुनाने माझा अर्ज वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“घरी काय करणार एवढी वीज?”

“कातडं शिवणार.”

“किती?”

“एका मांडीपुरतं.”

त्याने पेन खाली ठेवलं. “धंदा आहे का?”

“नाही.”

“मग कारखान्याचं कनेक्शन कशाला?”

“मशीन कारखान्याचं आहे.”

“म्हणजे धंदा.”

“नाही हो. माझ्या नणंदेचं लग्न आहे.”

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “बाई, घरगुती पिठाची गिरणी लिहा आणि सुटा.” साधा सरळ उपाय होता. दुसऱ्या कुठल्या वारी मी तसं लिहून दिलं असतं कदाचित. पण मंगळवार होता. मी खरा अर्ज भरला. त्याला सात पानं होती. कामगारांची संख्या: एक. कामगारांसाठी स्वच्छतागृहे: एक, पण त्यात सकाळी हे असतात. धुराड्याची उंची: धुराडं नाही, देवापुढे दिवा असतो, तो सध्या पिठाच्या डब्यावर आहे. मालाचे वार्षिक उत्पादन: एक पट्टा. कारकुनाने सगळं वाचलं. वाचता वाचता त्याचा चेहरा हळूहळू मऊ झाला, आणि तो हलक्या आवाजात म्हणाला, “ताई, तपासनीस येऊन बघून जाईल. पंचेचाळीस दिवसांच्या आत.”

“लग्न तेरा दिवसांवर आहे.”

“मी काय करू? तुम्ही एवढं खरं लिहिलंय की मला आता काही करताच येत नाही.”

पुढचा आठवडा कसा गेला ते मी सविस्तर सांगत नाही, कारण त्यातला एक गुरुवार आहे. रोज सकाळी वीज कचेरी. रोज दुपारी वन्सं पलंगावरून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत, भिंत धरून, एका पायावर. पट्ट्याशिवाय. मला स्वयंपाकघरातून त्यांच्या तळव्याचा आवाज ऐकू यायचा, एक थप्प आणि मग बराच वेळ काही नाही. मी भाजी चिरायची थांबायचे आणि पुढची थप्प ऐकू आली की परत चिरायला लागायचे. वजनमापवाले समितीची नोटीस घेऊन आले, की निवासी इमारतीत कारखाना काढता येणार नाही. ती त्यांनी स्वतःच वाचून दाखवली, चहा घेतला, खालून छताला तडा गेला नसल्याचं सांगितलं, आणि जाताना दारात थांबून वन्संना म्हणाले, “तुम्ही चालत जायलाच पाहिजे असं काही नाही हं. चाकाची खुर्ची मी आणून देतो. माझ्याकडे आहे, आमच्या आईची.”

वन्संनी मान वळवली. त्या दिवशी त्यांनी कुणालाच टोमणा मारला नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

दुसऱ्या मंगळवारी, सहा दिवस उरलेले असताना, पट्टेवाले काका स्वतः आले. दुकानातून फोन का आला नाही हे विचारायला. मी सगळं सांगितलं, मंगळवार असल्यामुळे जरा जास्तच सांगितलं, हे कागद खिशात घालून कसे विसरले तेही. हे पेपरमागे गेले.

काकांनी धुडाला हात लावला. वरून खाली, डोळे मिटून, एखाद्या ओळखीच्या माणसाचा चेहरा चाचपावा तसे. चाकाशी आले, थांबले, आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला.

“मोटर कुणी सांगितली तुम्हाला?”

“लागलेलीच होती.”

“अहो, लागलेली असते, लावायलाच पाहिजे असं कुठे आहे? मोटरचा पट्टा काढा, चाकाला मूठ बसवा आणि हाताने फिरवा. एका वेळी एक टाका. मी काय सांगितलं होतं? मंद चाल.” मग परत हात फिरवला आणि त्यांचं हसू थांबलं. “पण ही सपाट आहे.”

“म्हणजे?”

“किती जड शिवते ते दुकानदार सांगतो. काय आकाराचं शिवते ते कुणी विचारत नाही. हाच माझा प्रश्न होता. पट्टा गोल असतो बाई, नळीसारखा. तो चढवायला नुसता दांडा बाहेर आलेलं मशीन लागतं. हिच्या टेबलावर पट्टा आडवा असेपर्यंत शिवाल, पण वळवून जोडायची शेवटची शिवण हिच्यात जायचीच नाही.”

मी पदराने नाक पुसलं. वीज कचेरीत सात दिवस गेले होते, आणि विजेची गरजच नव्हती. दुकानात पहिल्यांदा दाखवलेलं ते लहानसं, मुठीचं मशीन माझ्या डोळ्यांपुढे आलं. त्याला असा दांडा होता. मी तो निरखून बघितला होता, आणि एक शब्द न बोलता नाकारला होता.

“रडू नका,” काका म्हणाले. “शेवटची शिवण हाताने घालू. दोन सुया, मेण लावलेला दोरा. मी सांगतो, तुम्ही घाला.”

बुधवारी कुलूपवाले आले. एका जुन्या लोखंडी दाराची मूठ त्यांनी चाकाला बसवली. त्यांना बोलायची सवय नाही. जाताना चाक एकदा फिरवून बघितलं, वन्संकडे बघितलं आणि म्हणाले, “फिरतंय.” वन्सं लाजल्या. त्रेपन्नाव्या वर्षी, एका शब्दावर. मी तोंड फिरवून दोरा ओवायला लागले.

गुरुवारी शिवायला बसलो. हे चाक फिरवणार, मी कातडं धरणार, काका कान देऊन टाके ऐकणार. धूड एकेक टाका घालत होतं आणि त्याचा तो चालता पाय खरोखरच उचलून पुढे ठेवल्यासारखा पडत होता. चार तास लागले. दोन्ही कडा सरळ, टाके एकसारखे. मी बावीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःचं कौतुक केलं, मनातल्या मनात. वन्संनी पट्टा मांडीला धरून बघितला. परत धरून बघितला.

“वहिनी,” त्या हळूच म्हणाल्या, “हा डाव्या पायाचा आहे.”

अस्तर मी उलट्या बाजूला शिवलं होतं.

कातडं संपलं होतं. काकांकडचा तो शेवटचा तुकडा होता आणि नवं कातडं परगावाहून यायला आठवडा लागणार होता. गुरुवार होता म्हणून मी कुरकुर केली नाही, पण असल्या प्रसंगी कुरकुर करण्यासारखं काही उरतच नाही, हे मला त्या दिवशी कळलं. वन्सं म्हणाल्या, “जाऊ दे. खुर्ची काय वाईट असते.” आणि आत जाऊन पडल्या.

शुक्रवारी सकाळी ह्यांनी कचेरीला निघताना आपली बॅग टेबलावर उपडी केली. सत्तावीस वर्षांची कातडी बॅग. नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेली, कुणालाही हात लावू न दिलेली, दर रविवारी तेल लावून पुसलेली. डबा, चष्म्याचं घर, छत्री, सगळं काढून त्यांनी कापडी पिशवीत भरलं.

“काकांना म्हणावं, हिच्यातून होतंय का बघा,” हे म्हणाले.

“अहो, पण तुमची बॅग...”

“आज शुक्रवार आहे. तू रागवायचं नाहीस.”

मी रागावणार नव्हतेच. मला वेगळंच काहीतरी होत होतं, पण त्याला कुठलाच वार नाही.

काकांनी बॅगेला बोटं लावली, वास घेतला आणि म्हणाले, “मुरलेलं आहे. नव्यापेक्षा बरं. मांडीला टोचणार नाही.” शनिवारी पट्टा शिवला. या वेळी प्रत्येक पदर आधी वन्संच्या उजव्या मांडीला लावून, खडूने खूण करून, ती खूण तिघांनी बघून. जेवणं दुपारी चारला झाली, म्हणजे माझं पाचला. रविवारी शेवटची शिवण. वन्सं पलंगावर पाय लांब करून, काका उशाशी, मी दोन सुया घेऊन पायाशी. एक सुई इकडून, एक तिकडून, त्याच भोकातून. बोटं सोलली. मला सल्ला द्यायची मनाई होती, त्यामुळे त्या दिवशी बाकीच्या सगळ्यांनी दिला. वजनमापवाल्यांनी तर वर येऊन दोरा किती वजन पेलतो ते विचारलं.

संध्याकाळी कुलूपवाल्यांनी पट्टा सळ्यांना जोडला. वन्सं उभ्या राहिल्या. चार पावलं टाकली. शिवणीने कर्र असा आवाज केला.

“उसवतंय का?” मी विचारलं.

“नवी शिवण बोलते,” काका म्हणाले. “उद्यापर्यंत बोलेल. तुम्ही नाही बोललात तरी.”

सोमवारी नोंदणी कचेरीत मी साक्षीदार होते. साक्षीदाराला फक्त सही करायची असते, हे मी आदल्या आठवड्यातच विचारून ठेवलं होतं. कुलूपवाले टेबलाशी उभे. हे कापडी पिशवी छातीशी धरून. कचेरी लांबट, दोन्ही बाजूंना टेबलं, मधून वाट.

वन्सं निघाल्या. कर्र. कर्र. दोन्ही बाजूंची माणसं लिहायची थांबली. मी त्यांच्या मागून दोन हात अंतर ठेवून चालत होते आणि माझी नजर शिवणीवर. मी मोजत होते. दहा. वीस. पंचविसाव्या पावलाला त्यांनी श्वास घेतला. तिसाव्याला त्या थांबल्या.

आवाज थांबला. त्यांच्या मानेवर घाम होता. पुढे बारा पावलं होती.

शेजारच्या टेबलाचा कारकून उठला. चांगला माणूस होता, त्याला काय दोष द्यायचा. त्याने कोपऱ्यात ठेवलेली कचेरीची चाकाची खुर्ची घेतली आणि मागून सरकवत आणली, अगदी अलगद, वन्संच्या गुडघ्यामागे टेकेल अशी. वन्संना वळता येईना. त्यांनी मान तेवढी वळवली आणि माझ्याकडे बघितलं. कुलूपवाल्यांकडे नाही, भावाकडे नाही. माझ्याकडे.

“खुर्ची नको.”

हा आवाज कुणाचा, म्हणून मीच मागे वळून बघितलं. तो इतका मोठा होता की पलीकडच्या खोलीतून माणसं दारात आली. कारकुनाच्या हातातून खुर्ची सुटली आणि आपली आपणच मागे जाऊन कपाटाला लागली. ह्यांची पिशवी खाली पडली, डबा घरंगळला.

मग वन्सं माझ्याकडे बघत, अगदी हळू म्हणाल्या, “वहिनी, आज सोमवार.”

आणि त्यांनी एकतिसावं पाऊल टाकलं. कर्र.

सही त्यांनी उभ्यानेच केली. माझी सही जरा हलली आहे.

त्या संध्याकाळी वहीत मी काहीच लिहिलं नाही. ती ओळ मोकळी ठेवली, कारण दुसऱ्या दिवशी मंगळवार होता आणि मंगळवारी काय ते खरं लिहिता येईल असं वाटलं. सकाळी दिवा लावला. दिवा आता धुडावरच असतो, त्याच्या टेबलाला छान कडा आहे. वही उघडली आणि सोमवारपुढे लिहिलं: ‘मोडला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडेन.’ शाई वाळते न वाळते तोच दार वाजलं. वीज कचेरीचा तपासनीस. हातात माझी सात पानं.

“कारखाना इथेच का?”

“इथेच.”

त्याने धूड बघितलं, त्यावरचा दिवा बघितला, मूठ फिरवून बघितली. “चालू आहे?”

“आता बंद आहे. उत्पादन पूर्ण झालं.”

“वार्षिक?”

“वार्षिक.”

त्याने कागदावर काहीतरी खूण केली. “आणि माल? माल कुठे आहे?”

“काल गेला.”

“कसा पाठवला? ट्रकने?”

“नाही,” मी म्हणाले. “चालत.”